अक्कांनी बेटावरून आणलेली वाळू

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होते. पलीकडून महेश, म्हणजे अक्कांचा मुलगा, माझा पुतण्या, "काकी… काकी…" एवढंच म्हणत होता. मी विचारलं, "गेल्या का?" तो म्हणाला, "व्हय." मी म्हटलं, "ऑक्सिजनचं मशीन बंद कर, भाड्याचं आहे ते. आणि कढईत शेंगदाणे असतील तर आधी काढा, करपतील." मागून रेखाचा, अक्कांच्या सुनेचा, आवाज आला, "काढलेत काकी." आवाज रोजच्यासारखाच होता. मी उरलेले शिक्के मारले, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि रिक्षा केली.

दहाव्याला आलेले लोक सांगत होते, अक्का वरून कडक पण आतून मऊ होत्या. हे लोक कधीमधी येणारे. मी त्यांची धाकटी जाऊ. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना ओळखते. त्या आतूनही तशाच होत्या. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे, पण मग खोटं बोलावं लागतं, आणि अक्कांना खोटी स्तुती आवडायची नाही. कुणी म्हटलं, "अक्का, तुमच्यासारखे फुटाणे सोलापुरात मिळत न्हाईत," तर त्या म्हणायच्या, "सगळं सोलापूर खाऊन आलायस व्हय?"

आमची मंगळवार पेठेत चुरमुरे-फुटाण्यांची भट्टी आहे. मोठी लोखंडी कढई, खाली जाळ, कढईत तापलेली वाळू. तिच्यात हरभरा किंवा शेंगदाणा टाकायचा, लांब दांड्याच्या झाऱ्याने हलवायचा, चाळणीत उपसून वाळू खाली पाडायची. ही कढईतली वाळू आमच्याकडे कधी पूर्ण बदलत नाहीत. रोज ती थोडीथोडी कमी होते. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कढईची पूजा करून घरातली बाई तिच्यात नवी वाळू घालते, आणि ती जुन्या वाळूत मुरते. काळी कुळकुळीत, तेल प्यायलेली वाळू. माझ्या सासूबाईंच्या सासूच्या हातची वाळू तीत आहे असं सांगतात. घरात एक ठरलेलं होतं, नवी वाळू जी घालेल तिची भट्टी. सासूबाईंनी अंथरुणावरून अक्कांना सांगितलं, "चंद्रकला, औंदा तू घाल." तेव्हापासून अक्का मालकीण. मला त्यात रस नव्हता, मला नोकरी होती. रेखाला होता. पहाटे उठून भट्टी पेटवणारी, दिवसभर झारा मारणारी तीच. पण वाळूला हात लावायची तिला मुभा नव्हती.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने हात लावला होता. कढईतली वाळू कमी झालेली दिसली म्हणून बिचारीने टोपलीभर नवी वाळू आपण होऊन आत ओतली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच दुपारी तिच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, झाराभर गरम वाळू पडली. झारा सटकला असं अक्कांनी डॉक्टरला सांगितलं. रेखानेही तेच सांगितलं. तेव्हापासून रेखा लांब बाह्यांचे ब्लाउज शिवायला लागली, उन्हाळ्यातसुद्धा, भट्टीसमोरसुद्धा.

तिचं माहेर करमाळ्याकडचं, उजनीच्या पाण्याकाठी. वडिलांची केळी आणि ऊस, शेजारी मासे धरणाऱ्यांची घरं. आम्ही माळकरी नसलो तरी घरात कुणी मासळी खात नाही, आणि अक्कांना तेवढं पुरेसं होतं. माहेरून रेखा परत आली की त्या दारातच म्हणायच्या, "आधी न्हाऊन ये. मासळीच्या गावचा वास बसंल शेंगदाण्याला." खरं तर अक्कांना वास यायचाच नाही. धुराने त्यांचं नाक केव्हाच गेलं होतं. आमटी करपली तरी दुसऱ्याने सांगावं लागायचं.

नाकापाठोपाठ छाती गेली. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की धूर सोडा, कुठंतरी मोकळ्या हवेत, समुद्रावर वगैरे जा. ते बोलायचं म्हणून बोलले असतील. महेशने मनावर घेतलं. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेची बहीण बायकांच्या सहली नेते, तिची अंदमानची सहल निघाली होती. अक्का ऐकेनात. मग ती सहलवाली बाई घरी येऊन म्हणाली, "अक्का, तिथं बेटाबेटावर वेगळा समुद्र आणि प्रत्येक किनाऱ्याची वाळू वेगळी." अक्का खाटेवर सरळ बसल्या. नदीची चांगली वाळू मिळणं तेव्हा बंदच झालं होतं. ठेकेदार आणून टाकायचा ती एक तर माती, नाहीतर दगडाचा चुरा. मागच्या खंडेनवमीची वाळू अक्कांना पसंत नव्हती आणि वर्षभर त्या तिला शिव्या घालत होत्या. त्या म्हणाल्या, "वेगळी म्हंजी कशी? बारीक का जाड?" बाईला सांगता येईना. "मग यावं लागंल," अक्का म्हणाल्या. सोबत मी, आणि सेवेला रेखा.

विमानात, बोटीत अक्का डोळे मिटून बसल्या. त्यांना समुद्र बघायचाच नव्हता. पहिला किनारा पोर्ट ब्लेअर शहराजवळचा, नारळीची झाडं, करड्या रंगाची वाळू. बाकीच्या बायका पाण्याकडे पळाल्या. अक्का पाण्याकडे पाठ करून खाली बसल्या, मूठभर वाळू घेतली, तळहातावर चोळली, फुंकर मारली, आणि दोन कण दाताखाली घेऊन चावले. थुंकल्या. "माती हाय हिच्यात. आपल्या ठेकेदाराचा पावना दिसतोय हितला बी." पुढं प्रत्येक किनाऱ्यावर हेच. लोक सूर्याचे फोटो काढायचे, आणि आमच्या घरची बाई वाळू खायची.

हॅवलॉक बेटावरचा राधानगरचा किनारा मोठा, मागे उंच झाडं, वाळू पिठासारखी पांढरी. पाऊल टाकलं की करकर वाजते. मला तो किनारा आवडला हे सांगायला हरकत नाही. संध्याकाळी पाणी इतकं मागे गेलं होतं की ओल्या वाळूत अख्खं आभाळ दिसत होतं. अक्कांनी चिमूट तोंडात टाकली. "मैदा हाय ह्यो. कढईत टाकला तर धुरळा हुईल." एक छोटा शंख त्यांच्या पायाशी चालायला लागला, आत खेकडा असतो तसला. अक्कांनी तो अंगठ्याने वाळूत दाबून धरला, तो पाय मारायचा थांबेपर्यंत. मग हात झटकले. दुसऱ्या एका किनाऱ्यावर मोठमोठी झाडं मुळांसकट आडवी पडलेली, वर्षानुवर्षं समुद्राने धुतलेली, हाडासारखी पांढरी झालेली. बायका त्यांच्यावर बसून फोटो काढत होत्या. तिथं अक्कांनी वाळूकडे बघितलंच नाही. झाडांवरून हात फिरवत म्हणाल्या, "किती जळण वाया घालवलंय मेल्यांनी."

काळापत्थरला मात्र जे झालं ते सांगायला हवं. तिथं काळे खडक, मधे पांढऱ्या वाळूचे तुकडे, आणि पाणी असं हिरवं की खालचा पाय दिसतो. रेखा आतापर्यंत अक्कांची पिशवी, औषधं, पाण्याची बाटली घेऊन मागं उभी राहायची. त्या दिवशी तिने पिशवी माझ्याकडे दिली, साडी खोचली, आणि पाण्यात गेली. उजनीकाठची पोर ती, तिला पाण्याची भीती नाही. एक लाट अंगावर आली तशी ती हसली. मी तिला इतकं मोठ्यानं हसताना पहिल्यांदा ऐकलं. बाह्या भिजून जड झाल्या म्हणून तिने त्या वर सारल्या. सहलीतल्या एका बाईने तो हात बघितला. "अगं बाई, हे काय झालं होतं?" रेखा काही बोलायच्या आत अक्का खडकावरून म्हणाल्या, "माजी सही हाय ती." बायका हसल्या. त्यांना वाटलं सासू-सुनेची काहीतरी मस्करी असेल. अक्काही हसल्या. झारा सटकला नव्हता हे त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं, तेही चारचौघींत आणि मजेत. रेखाने बाह्या खाली केल्या, बाहेर आली, माझ्याकडून पिशवी घेतली आणि अक्कांना गोळी दिली. पाण्याचा घोट आधी आपण पिऊन, गार आहे की नाही ते बघून मग दिला…

शेवटी नील बेट. तिथल्या किनाऱ्यांची नावं भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर. अक्का मला म्हणाल्या, "भरताला कवा वनवास झाला गं शोभा? त्यो तर घरी बसून राज्य करत हुता." लक्ष्मणपूरला वाळू जाड होती, रव्यापेक्षा थोडी मोठी, सगळे कण जवळपास एका मापाचे. अक्कांनी चोळली, फुंकली, चावली. थुंकल्या नाहीत. पुन्हा चावली. मग म्हणाल्या, "हीच." त्यांचा चेहरा मी तसा आधी एकदाच बघितला होता, महेश झाला तेव्हा. सहलीबरोबरचा गाइड जवळच होता. तो म्हणाला, "माताजी, ये रेत नहीं है, सब सीप और मूंगे का चूरा है. और यहाँ से कुछ भी ले जाना मना है, एक शंख भी नहीं." अक्का मला म्हणाल्या, "त्याला सांग, सगळी वाळू कशाचा तरी चुराच असती." रेखा पुढे आली. "अक्का, आमच्याकडं पोरं चुलीत शिंपली टाकायची तवा लई…" एवढंच तिचं झालं. "तुला कुणी इचारलं?" अक्का म्हणाल्या. "वाळूतलं तू बोलायचं न्हाय." रेखा मागं सरली. पुढं काय सांगणार होती ते मीही विचारलं नाही, बोटीची वेळ झाली होती.

वाळू आणली ती शेंगा चटणीच्या डब्यातून. प्रवासाला म्हणून घरची चटणी मोठ्या पितळी डब्यात नेली होती. अक्कांनी ती सहलीतल्या बायकांना वाटून टाकली, डबा वाळूने भरला, वर प्लॅस्टिक आणि त्यावर उरलेल्या चटणीचा थर. डबा ठेवला रेखाच्या बॅगेत. विमानतळावर बॅग बाजूला काढली. जवानाने विचारलं, "किसका है?" अक्का लगेच म्हणाल्या, "हिचं." अडकली तर सून अडकेल असा तो हिशेब होता, त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटलं नाही. रेखाने डबा उघडला, जवानासमोर धरला आणि म्हणाली, "सोलापूर की शेंगा चटणी. चखो भैया." त्याने बोटाने चाखली, डोळ्यात पाणी आलं, आणि त्याने बॅग पुढे ढकलली. म्हणजे अक्कांची वाळू सोलापूरला आणली ती खरं म्हणजे रेखाने.

उन्हाळाभर अक्कांनी ती वाळू धुतली, पत्र्यावर वाळवली, जुन्या चादरीत बांधून उशाशी ठेवली. बेटाच्या हवेने छातीला काही फरक पडला नव्हता. पावसाळ्यात मशीन आलं. खंडेनवमीला त्यांना खुर्चीत बसवून, नळी नाकाला लावून भट्टीपुढं आणलं. मी होते, महेश होता, रेखाने कढईला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आम्हाला सगळ्यांना वाटत होतं की आज अक्का रेखाला घालायला सांगतील. रेखालाही वाटत असावं, तिने हात धुऊन पदराला पुसून ठेवले होते. अक्कांनी चादर मांडीवर सोडली. "खुर्ची जवळ घे रे महेश," म्हणाल्या, आणि ओंजळ भरली. मग मात्र थांबल्या. दम लागला होता का मनात काही आलं, मला माहीत नाही. रेखाकडे वळून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी शिंपल्याचं कायतरी सांगत हुतीस. काय हुतं गं?"

वाळूबद्दल त्यांनी रेखाला काही विचारलं असं तेव्हा पहिल्यांदाच घडलं. रेखा म्हणाली, "आठवत न्हाय अक्का. टाका की."

अक्कांनी टाकली. ओंजळीमागून ओंजळ, सगळी. काळ्या वाळूवर पांढरी पडली, रेखाने झाऱ्याने ती खालवर करून एकजीव केली. तिच्या हाताला इतकी सफाई होती की जरा वेळाने पांढरं कुठं दिसेना. मी आरती झाल्यावर घरी गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी. आमच्या भट्टीचे भाजलेले शेंगदाणे पेठेत उपासाला जातात. दसऱ्याला दिवसभर रेखाने शेंगदाणे भाजले, पिशव्या भरल्या, महेशने गल्ल्यावरून विकले. महेशला सर्दी, अक्का आत मशीनला, आणि रेखाचं नाक तोंडाला बांधलेल्या फडक्यात. एकादशीला सकाळी आधी एक म्हातारे गृहस्थ आले, पिशवी गल्ल्यावर परत ठेवून गेले. मग दोन बायका. मग समोरच्या फातिमाभाभी, त्या आमच्याकडून दाणे नेऊन चिक्की करतात, त्यांचं पोतंच परत आलं. "अक्का, ये मच्छीमें भूने क्या जी?" त्यांनी दारातूनच विचारलं. शिंपल्यांचे आणि पोवळ्यांचे कण जाळावर जळले होते, त्यांचा मासळीसारखा वास प्रत्येक दाण्यात गेला होता. वर झाऱ्याखाली कण फुटून त्यांची पांढरी भुकटी दाण्यांना चिकटली होती. खडूसारखी. महेशने मला फोन केला. मी पोचले तेव्हा अक्का बाहेर खुर्चीत होत्या आणि एकेक दाणा दाताखाली घेत होत्या. कचकच त्यांना कळत होती. वास कळत नव्हता. त्या प्रत्येकाला विचारत होत्या, "येतोय का गं वास? खरं सांग." फातिमाभाभी म्हणाल्या, "आता है अक्का. भोत आता है."

वाळू चाळून बघितली, धुऊन बघितली. नवे कण जुन्यात इतके मिसळले होते की वेगळे निघेनात. निघाले असते तरी वास बसला तो बसलाच. सासूबाईंच्या सासूपासूनची सगळी वाळू गेली.

संध्याकाळी अक्का खाटेवर होत्या, मी पायाशी. रेखा चहा घेऊन आली. अक्कांनी कप घेतला नाही. "तुला आठवत हुतं," त्या म्हणाल्या.

"व्हय," रेखा म्हणाली.

"सगळी गेली की गं."

"वाळूच हाय ती अक्का. आमच्याकडच्या वढ्यात लई पडलीया."

मला वाटलं आता कप भिंतीवर जाईल. अक्का हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, तो थांबेना, मी नळी नीट केली, रेखाने पाठीला हात लावला तो त्यांनी झटकला. मग दम सापडल्यावर म्हणाल्या, "शिकलीस." महेश लोकांना हा प्रसंग सांगताना म्हणतो की आईने रेखाला आशीर्वाद दिला. मी तिथं होते. तो आशीर्वाद नव्हता. दाणा भाजला की नाही ते दाताखाली बघावं आणि सांगावं, तेवढंच होतं ते…

पुढच्या आठवड्यात, कसलाही सण नसताना, रेखाने माहेरच्या ओढ्यातली दोन पोती वाळू आणून रिकामी कढई भरली. हळदकुंकू नाही, हार नाही. अक्कांनी मूठभर आत मागवली. चोळली. फुंकर मारायला गेल्या तर तेवढा श्वास नव्हता. दाताखाली घेतली आणि ताटलीत थुंकल्या. "माती हाय." रेखा म्हणाली, "असू दे." संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत आमच्या भट्टीचे चुरमुरे आणि फुटाणे दरवर्षीसारखेच खपले. कुणी काही म्हणालं नाही, आणि हे अक्कांना वासाच्या गोष्टीपेक्षा जास्त लागलं असं मला वाटतं. जत्रा उठल्यावर थोड्या दिवसांनी त्या गेल्या. त्या सकाळी रेखा झाऱ्यावरच होती.

जुनी वाळू पिंपात भरून ठेवली होती. महेशचं म्हणणं, अस्थींबरोबर नदीत सोडू. नातेवाइकांना ते फार आवडलं, एकदोघींनी डोळेही पुसले. रेखा म्हणाली, नदीत काय वाळू कमी आहे? भट्टीच्या दारात पायरीखाली खड्डा होता, पावसात तिथं पाणी साचून गिऱ्हाइकांचे पाय भरायचे. रेखाने पिंप तिथं ओतलं, घमेल्याच्या बुडाने ठोकून सपाट केलं. चांगला भराव झाला. आता येणारं-जाणारं प्रत्येक माणूस तिच्यावर पाय देऊनच आत येतं.

परवा सकाळी शाळेत जाताना मी चुरमुरे घ्यायला थांबले. रेखा दारात पाणी मारत होती. बाह्या वर होत्या. आताशा ती आखूड बाह्यांचेच ब्लाउज शिवते. आतल्या नव्या बाईने सुपलीभर दाणे सांडले तशी रेखा न वळताच म्हणाली, "सगळं सोलापूर चारायला निघालीस व्हय?" ओल्या काळ्या वाळूत ते पांढरे कण स्वच्छ दिसत होते, आणि पाणी पडल्याबरोबर तो वास वर आला. थोडासाच, पण आला. रेखाने तांब्या खाली ठेवला.

"अक्का उठल्या," ती म्हणाली.

मी चुरमुऱ्यांची पिशवी घेतली आणि वाळूवर पाय देऊन बाहेर पडले. त्या दाराला दुसरी वाट नाही.